दहा टक्के चूक

हिसाए,

विम्याचे इगाराशी आज तडजोडीचा कागद घेऊन आले. तुला वाट द्यायला थांबलेल्या गाडीला तू झेब्रा पट्ट्यांवर उभी राहून, वाकून नमस्कार केलास, तेवढ्यात तिच्या मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने तुला उडवलं. म्हणून दहा टक्के चूक तुझी, असं त्यात लिहिलंय.

"काका, आभार सगळेच मानतात, पण चालता चालता," ते म्हणाले.

"चालता चालता नमस्कार तिला कधी जमलाच नाही."

"कागदाला ते कसं कळणार?"

मी कागदावर सहीचा शिक्का उमटवला नाही. पण ते गेल्यावर तुझ्या फोटोपुढे उदबत्ती लावताना माझ्याच तोंडून निघालं, "नुसती मान हलवली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

क्षमा कर. ते दहा टक्के मी मनातून मान्य करून बसलोय.

तुझा,
तोकुजी