पोच न आलेला बॅकअप

चिरंजीव मास्तर यास भावोजींचे आशीर्वाद.

तू तिकडे खुशाल असशील असं धरून चालतो. (खुशाल नसलास तरी तू कळवणार नाहीस, म्हणून धरूनच चालावं लागतं.) इकडे सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तपशिलात शिरायचं तर तुझ्या ताईची मान अवघडली आहे. दातांच्या दवाखान्यात दिवसभर खांद्यात फोन धरून ती लोकांच्या दाढा उपटायच्या वेळा लिहून घेते, त्याचा हा प्रसाद. माझ्या दोन्ही गुडघ्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आहे. आणि पडद्यांच्या धंद्याचं म्हणशील तर लोक हल्ली खिडकीच्या काचेला धुरकट कागद चिकटवतात आणि मोकळे होतात. परवा एक बाई दुकानात आल्या, माझ्याकडून तासभर कापडं उलगडून घेतली, आणि शेवटी त्यांना मांजराला बसायला एक तुकडा हवा होता असं निघालं. दिला. अप्पांची तब्येत कशी आहे ते ओघात येईलच. हे पत्र त्यांच्याबद्दल नाही, कॉम्प्युटरबद्दल आहे.

तर, तू जाताना बसवून दिलेला बॅकअप अडला आहे. तुझ्या निघण्याच्या दिवशी बॅगा दारात होत्या, ताई डोळे पुसत होती, आणि तू समोरच्या खोलीत टेबलाखाली शिरून ती काळी डबी कॉम्प्युटरला जोडत होतास. बाहेर येऊन मला बजावलंस की भावोजी, रोज संध्याकाळी हा आपोआप सगळ्याची नक्कल काढून डबीत ठेवेल, तुम्ही फक्त बोट लावू नका. मी लावलं नाही. (हे वाक्य पुढे थोडं दुरुस्त करावं लागणार आहे.) त्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या खिडक्यांची मापं आहेत हे तुला माहीत आहे. खिडकी चौकोनी असते हा समज ज्यांनी कधी पडदा टांगला नाही त्यांचा असतो. मी आयुष्यात एकही चौकोनी खिडकी पाहिलेली नाही. एक बाजू बोटभर खाली उतरलेली, गवंड्याचा हात घाईत असल्याचं दाखवणारी, अशीच प्रत्येक. ती सगळी वाकडी मापं मी शिडीवर चढून घेतली आहेत, आणि आता या गुडघ्यांवर ती पुन्हा घेणं शक्य नाही. ती गेली की दुकान गेलं. म्हणून मी बॅकअपला मानतो.

पहिल्यांदा ती पाटी आली तेव्हा मी ती बंद केली. बॅकअप पूर्ण झाला नाही, डिस्कवर पुरेशी जागा नाही, असं काहीतरी होतं. आयुष्यात मला इतक्या गोष्टी पूर्ण झाल्या नाहीत असं कळवण्यात आलं आहे की आणखी एकीने विशेष वाटलं नाही. पण ती रोज येऊ लागली. हिरवी पट्टी ऐटीत सरकत जायची, शेवटाला जरासं राहिलं की थांबायची, आणि पाटी हजर. मग मी जागा करायला घेतली. आधी जुनी पत्रं पुसली. संध्याकाळपर्यंत खपून शेकडो पत्रं पुसल्यावर जी जागा झाली ती मुंगीला कूस बदलायला पुरली नसती. मग रिसायकल बिन रिकामी केली. ती करू नये असं मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या ताईने तिचे विणकामाचे सगळे नमुने त्यात ठेवले होते. का, तर ती टोपली पडद्यावर समोरच दिसते आणि हाताशी असते! त्यानंतर घरात जे झालं ते मी लिहीत नाही. तुझी बहीण आहे, तुला कल्पना आहे. मग आपल्या गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बसतो, ज्याला आपण डॉक्टर म्हणतो, त्याला विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, मोठी डबी घ्या. घेतली. ती दुप्पट मोठी होती. काही दिवस पट्टी पूर्ण भरली, आणि मग तीही तुडुंब! मास्तर, मी हबकलो. दुकानात नवी मापं येणं जवळजवळ थांबलं आहे, मग हे भरतं आहे कशाने?

आता अप्पांचं. तुला सांगायला नको की त्यांची नोकरी रेल्वेच्या पार्सल खात्यात गेली, आणि त्यांचा एक नेम होता. संध्याकाळची गाडी माल घेऊन गेली आणि पुढच्या ठाण्यावरून पोच आली, की मग डबा उघडायचा. पोच नाही तर जेवण नाही. तुझी आई यावरून जन्मभर वैतागली. आता त्यांना आपलं वय आठवत नाही, मला ते कधी जावई म्हणतात, कधी घरमालक, कधी नुसतं 'अहो'. तुझा फोन आला की ते सरळ बसतात आणि तक्रार लेखी द्या म्हणून सांगतात. (तुला वाईट वाटतं हे ताईने सांगितलं. पण फोनमधला आवाज त्यांच्यासाठी आता माणसाचा राहिलेला नाही, तो खात्याचा झाला आहे. त्यांच्यावर रागावू नकोस.) पण तो नेम मात्र शाबूत आहे. तू गेलास त्या दिवशी पहिला बॅकअप चालू होता तेव्हा ते तुझ्या शेजारी खुर्चीवर बसून पट्टी बघत होते, आठवतं? पट्टी भरली, तू त्यांच्या पाया पडलास आणि निघालास. दुसऱ्या दिवशी तू पोचल्याचा निरोप आला. या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकमेकींना शिवल्या गेल्या, आणि तो टाका मला इतके दिवस दिसला नाही. पाच वाजून गेले की ते त्या टेबलासमोर येऊन बसायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला काहीतरी हलताना दिसलं की बरं वाटतं. पट्टी पूर्ण भरली की 'पोचला' म्हणायचे, उठायचे, हात धुवायचे आणि व्यवस्थित जेवायचे. 'पोचलं' नाही, 'पोचला'. हा फरक ऐकूनही मी ऐकला नव्हता.

पट्टी अडायला लागल्यापासून ते जेवेनासे झाले. ताट समोर येतं, ते पाण्याचे दोन घोट घेतात आणि विचारतात, पोच आली का? ताईने समजावलं, दटावलं, भरवलं. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला. इतक्या सभ्यपणे केला की ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्यांच्या सदऱ्यात आता अजून एक अप्पा मावतील. वैद्यकीय डॉक्टर (गल्लीतला नव्हे, खरा) म्हणाले की या वयात भूक कमी होते. मी पडदे शिवणारा माणूस, मी काय बोलणार. पण त्याच संध्याकाळी पट्टी अडली आणि अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, पोराचा पत्ता नाही हो अजून. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि काय करावं ते न सुचून मी आपलं म्हणून टाकलं, अप्पा, निघालाय तो, वाटेत आहे. त्यांनी जरा विचार केला, वाटेत उशीर व्हायचाच असं म्हणाले, आणि आत येऊन अर्धं ताट जेवले! ताई माझ्याकडे बघत राहिली. लग्नानंतर तिने माझ्याकडे तसं पहिल्यांदाच बघितलं असेल. तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. पण अर्ध्या ताटावर माणूस किती दिवस काढणार? पट्टी भरली पाहिजे, म्हणजे ते पूर्वीसारखे पोटभर जेवतील. माझ्या खिडक्या जाऊ देत, मला आता ती पट्टी अप्पांसाठी भरायला हवी आहे.

म्हणून मुद्द्यावर येतो. कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात जागा खाणारं काय असेल तर तुझं 'हात लावू नये' नावाचं फोल्डर. उघडून बघितलं. (हात लावला नाही, बाहेरूनच डोकावलो.) त्यात सिनेमे आहेत, बहुतेक तू न पाहिलेले, आणि गाड्यांच्या शर्यतीचे खेळ आहेत. एवढ्या शर्यती आणि एकही गाडी इकडे येत नाही, असो. तेवढं पुसायची परवानगी दे. तुझ्या वस्तूला तुझ्यामागे हात लावणं मला बरं वाटत नाही, नाहीतर केव्हाच पुसलं असतं. उलट टपाली दोन ओळी लिही. तुझ्या उत्तराकडे माझे, ताईचे आणि कॉम्प्युटरचे डोळे लागले आहेत.

तुझा,
भावोजी

ता. क. : परवानगीची गरज उरली नाही. पत्र पाकिटात घालायच्या आधी गल्लीतला डॉक्टर स्वतः येऊन बघून गेला. दोष माझा निघाला. तुला माहीत आहे, महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी मी हलक्या कापडाची एक नक्कल बेततो. बिघडलं तर ती बिघडावी. त्याच सवयीने, तू गेल्यापासून अधूनमधून, आणि या बॅकअपला हात घालण्याआधी तर प्रत्येक वेळी, मी डबीतलं सगळं उचलून कॉम्प्युटरमध्ये एक नक्कल ठेवत होतो, जपून. संध्याकाळी बॅकअप त्या नकलेसकट सगळ्याची नक्कल काढून डबीत टाकायचा. दुसऱ्या खेपेला मी त्याचीही नक्कल ठेवायचो. डॉक्टर एक फोल्डर उघडे, आत तेच, त्याच्या आत पुन्हा तेच. शेवटी त्याने चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, काका, तुम्ही नक्की कशाला घाबरता? त्याने सगळं साफ करून दिलं. तुझे सिनेमे सुखरूप आहेत. संध्याकाळी पट्टी टोकापर्यंत भरली.

ता. क. : वरचं लिहून दोन संध्याकाळी झाल्या, पत्र अजून टाकलं नाही, कारण सांगतो. पट्टी भरल्यावर अप्पा 'पोचला' म्हणाले, उठले, आणि जेवायला न येता खुर्ची ओढत बाहेरच्या दाराशी घेऊन गेले. दार उघडून बसले. ताईला म्हणाले, वाढू नकोस, तो आला की आम्ही बरोबर बसू, बॅगा जड आहेत त्याच्या, जिन्यात थांबत थांबत येत असेल. मीच त्यांना सांगितलं होतं ना, निघालाय, वाटेत आहे. मग पट्टी भरली म्हणजे तू कुठे पोचलास, तर इथे, दाराशी. जिन्यात कोणाचीही चप्पल वाजली की ते खुर्चीचे हात धरून अर्धे उठायचे. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले, त्यांना नमस्कार करून वाट दिली. शेवटी ताईने दार लावलं तेव्हा त्यांनी विचारलं, आपण त्याला काही बोललो होतो का? दुसऱ्या दिवशीही हेच. दोन्ही दिवस अन्नाचा कण पोटात नाही.

ता. क. : शेवटचं. तिसऱ्या दिवशी दुपारी ताई दवाखान्यात असताना मी डबी पुन्हा भरली. दुकानातल्या प्रत्येक कापडाचे फोटो काढले आणि नकलांच्या नकला करून तिच्यात कोंबले, पाटी येईपर्यंत. पट्टी आता पूर्वीसारखी शेवटाशी थांबते, मी वाटेत आहे म्हणतो, आणि अप्पा अर्धं ताट जेवतात. अर्धं तर अर्धं. मापांचा बॅकअप होत नाही. गेली तर गेली, शिडी आहे अजून. ताईला वाटतं मला कॉम्प्युटर जमत नाही, आणि ती माझ्यावर रोज ओरडते. तिला तसंच वाटू दे. पण मास्तर, मला हे फार दिवस रेटता येणार नाही, त्यांनाही नाही. तू ये. ते तुला ओळखतील असा शब्द मी देत नाही. पण बॅग घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आत घेऊन जेवायला बसवायचं, एवढं त्यांचं ठरलेलं आहे. दिवस मात्र कळवू नकोस. कळवलास तर ताईच्या तोंडून निघून जाईल आणि ते सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसतील. नुसता ये.