सात मेचा बुध

सीताबर्डी, नागपूर
ता. १६ एप्रिल १९२४

तीर्थरूप बाबांच्या चरणी,
सुहासिनीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सारे खुशाल. तिकडची खुशाली तुम्ही नेहमीप्रमाणे अर्ध्या ओळीत उरकू नये.

सोबत एक छापील पत्रक आहे. त्यातली शेवटची ओळ आधी वाचा, मग पुढचे पत्र. आमचे ज्योतिर्वेध मंडळ तुम्हाला ठाऊकच आहे. गणपतराव वकिलांच्या गच्चीवर जमणारे मास्तर, कारकून, एक ओव्हरसियर, हे, आणि ह्यांच्या मागून येणारी मी. यंदा सात मेला दुपारी बुध सूर्याच्या बिंबावरून सरकत जाणार आहे. नुसत्या डोळ्यांना काही दिसायचे नाही, कारण बिंबावर बुध तिळाएवढासुद्धा भरत नाही. म्हणून आमच्या पितळी दुर्बिणीतून सूर्याचे बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचे आणि साऱ्या सीताबर्डीला दाखवायचे, असे ठरले आहे.

वेळेचे गणित माझ्याकडे आले. कॉलेजातून विलायती पंचांग आणवले आणि ग्रिनिचची वेळ नागपूरची करून दिली. रुपराव ओव्हरसियरांनी नाक मुरडले. बाईच्या हिशेबावर गावाला आवतण देऊ नये, असे त्यांचे म्हणणे पडले. तरी वकिलांनी पत्रकाखाली छापलेच, "गणित : सौ. सुहासिनी".

बाबा, आजवर मी तिथे कुणाची तरी बायको म्हणून बसते. हे गणित बरोबर आले तर मला रीतसर सभासद करून घ्यावे, असा ठराव वकील मांडणार आहेत. चुकले तर रुपरावांना आयतेच कोलीत मिळेल, आणि मग माझ्यामागून दुसऱ्या कुठल्या बाईला त्या गच्चीचा जिना चढू देणार नाहीत. रात्री झोप लागत नाही, पण भीतीने की आनंदाने ते कळत नाही.

आईस नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच ठेवावी.

आपली आज्ञाधारक,
सुहासिनी


मोवाड
ता. २४ एप्रिल १९२४

चि. सौ. सुहासिनीस,
बाबारावाचे अ. आ.

खुशाल आहोत. (ही पूर्ण ओळ समजावी.) विहिरीला पाणी आहे, संत्र्याची झाडे तगली आहेत.

पत्रक पोचले. आठवडी बाजारात ते इतक्या जणांना दाखवले की घडीवर फाटले, आता तुझ्या आईने मागून खळीने कापड चिकटवले आहे. पोस्टमास्तरने दोनदा वाचले. गड्यांपैकी नत्थूजीला अक्षर येत नाही, तर त्याला तुझ्या नावावर बोट ठेवून दाखवले. त्याने फार विचार करून विचारले, "सूर्यावरून चालून राहिला तं त्याचे पाय नाही भाजत काय गा?" याचे उत्तर तुझ्या मंडळाने द्यावे.

दुर्बिणीची ऐट मात्र मला सांगू नको. आम्ही उभ्या जन्मात ग्रहणे परातीतल्या हळदीच्या पाण्यात पाहिली, आणि सगळी दिसली. त्या दिवशी अंगणात परात मांडणार आहे. गावाला आवतण गेले आहे. तुझे नाव छापून आलेले आणि आम्ही घरात बसून राहावे, हे होणे नाही.

झोपत जा. जावईबापूंस नमस्कार. बापाची आठवण असू द्यावी.

तुझा,
बाबाराव


मोवाड
ता. ७ मे १९२४, सायंकाळ

चि. सौ. सुहासिनीस अ. आ.

दिसला!

टपाल उद्या निघेल, पण लिहिल्यावाचून राहवेना. तू दिलेल्या वेळेला परात मांडली. ऊन असे की अंगणात पाय ठेववेना, तरी माणूस मावत नव्हता. पहिल्यांदा मी वाकलो. थोडा वेळ काही कळेना, मग उजव्या कडेशी बारीक काळे असे स्पष्ट दिसले. मी ओरडलोच. मग नत्थूजी वाकला. "दिसला गा, बाबारावजी," म्हणाला, "काळा तीळ." मग रांगच लागली. गोपिकाकाकूंना ताटातले मीठ दिसत नाही, त्यांनाही दिसला.

सर्वांसमक्ष सांगितले, हे माझ्या पोरीचे गणित आहे. गूळ वाटला. तुझ्या रुपरावांस माझा खास नमस्कार सांगावा आणि आता नाक सरळ करावे म्हणावे.

आज माझ्याइतका सुखी माणूस या जिल्ह्यात नसेल. हीच माया जन्मभर पुरो.

तुझा,
बाबाराव


सीताबर्डी, नागपूर
ता. ८ मे १९२४

ती. बाबांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचावे. शेवट गोड आहे, म्हणून मधेच टाकून देऊ नये.

काल काहीच दिसले नाही. गच्ची माणसांनी भरली होती, जिन्यावरही लोक उभे होते. कागदावर सूर्याचे बिंब लख्ख पडले होते आणि त्यावर एक ठिपका नव्हता. लोक आधी थांबले, मग हसले, मग बुधाला उन्हाची झळ लागली काय, असे विचारू लागले. ऊन कलले. वकील हळूच मला म्हणाले की, तू ह्यांच्याबरोबर घरी जा, वर धूळ फार आहे असे मी लोकांना सांगतो. माझी अब्रू राखायला निघाले होते, बिचारे. पण बाबा, आकाश काचेसारखे होते. धुळीच्या नावावर खपवले असते तर पुन्हा कुठल्या तोंडाने आकाशाकडे बोट दाखवले असते? मी दुर्बिणीपाशी उभी राहिले आणि म्हणाले, "धूळ नाही. हिशेब माझा चुकला आहे. कुठे चुकला ते शोधून काढते आणि सांगते."  रुपरावांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली, ते जास्त लागले.

घरी येऊन विलायती पंचांग पुढ्यात घेतले आणि रडू आले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "काहून रडून राहिली वं? आपला वार सूर्य उगवल्यावर बदलते, गोऱ्यायचा मध्यरात्री. तुह्या या पुस्तकातला कवा बदलते, थे तं पाह्य." त्या आपल्या माझी समजूत घालत होत्या, पण माझे रडू तिथेच थांबले. पंचांगाची सुरुवातीची पाने काढली, तिथे खुलासा होता. हे वेध घेणारे लोक रात्री काम करतात. मध्यरात्री तारीख बदलली तर एका रात्रीचे काम दोन तारखांत फाटते, म्हणून त्यांची तारीख भर दुपारी सुरू होते. मी त्यातले तास मध्यरात्रीपासून मोजले होते, म्हणजे बारा तास आधीची वेळ धरली. म्हणजे ज्या बुधाला मी काल दुपारी बोलावले, तो आज पहाटे येणार होता, आणि सूर्य उगवेल तेव्हा बिंबावर चढलेला असणार होता.

तुमचे जावई तसेच रात्री निघाले आणि सगळ्यांची दारे ठोठावून आले. एकाच गावाला दोनदा फसवता काय, असे म्हणून बहुतेकांनी दार लावून घेतले. उजाडताना गच्चीवर आम्ही दोघे, सासूबाई आणि डोळे चोळणारे वकील, एवढेच. सूर्य झाडांच्या वर आला, कागद धरला, आणि बाबा, तो तिथे होता. काळा, गोल, रेखीव. मी हात लावायला गेले तर माझ्याच बोटाची सावली पडली.

थोड्या वेळाने रुपराव आले. कागदावर पेन्सिलीने खूण केली, पुष्कळ वेळ वाट पाहिली, ठिपका खुणेवरून सरकला तेव्हा मान हलवली. मग स्वतः खाली रस्त्यावर जाऊन लोकांना हाका मारू लागले. बुध बिंबाबाहेर पडेपर्यंत जिना रिकामा झाला नाही. ठराव तिथेच झाला. मांडला वकिलांनी, अनुमोदन रुपरावांचे. तुमची मुलगी आता सभासद आहे.

एवढेच वाईट वाटते की तुम्ही काल परात मांडून उन्हात ताटकळला असाल आणि गावात माझ्यामुळे तुमचे हसे झाले असेल. मला क्षमा करावी आणि पूर्वीसारखेच आपले म्हणावे.

आपली,
सुहासिनी


मोवाड
ता. १३ मे १९२४

चि. सौ. सुहासिनीस अ. आ.

आपली पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझे सात तारखेचे तुला पोचलेच असेल. ते वाचून जावईबापू किती हसले ते कळवू नको.

तुझे पत्र मी गोठ्यामागे जाऊन वाचले, मग तुझ्या आईला वाचून दाखवले. दोन दिवस कुणाला बोललो नाही. गूळ वाटून बसलो होतो. पण पोरगी भरल्या गच्चीवर उभी राहून बोलली आणि बाप आपल्याच अंगणात तोंड लपवतो, हे काही जमेना. काल बाजारात पारावर उभा राहिलो आणि सांगितले की त्या दिवशी बुध नव्हताच, मला काही दिसले नव्हते, पोरीच्या नावासाठी माझ्या डोळ्यांनीच तो आणून ठेवला. खरा बुध दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नागपुरात धरला, हेही सांगितले. छापलेले नाव पाहून माझी छाती फुगली होती खरी. पण "हिशेब माझा चुकला" हे तू म्हणालीस, ते वाचून मी जसा ताठ उभा राहिलो, तसा पत्रक घेऊन हिंडताना कधी नव्हतो.

लोक हसतील असे वाटले होते. तर नत्थूजी पागोटे सारखे करत पुढे आला.

"मले तरी कोठी दिसला होता, बाबारावजी," म्हणाला. "पण तुमी एवढे खुश होऊन राहिले होते, नाही कसं म्हनू?"

मग गोपिकाकाकूंनी तेच सांगितले, आणि पोस्टमास्तरांनीही.

असाच लोभ आमच्यावर राहो.

तुझा,
बाबाराव