कॅप्टन वेंडेल आणि डावा पंख

५ ऑक्टोबर १९४२, सोमवार
आजपासून रोज डायरी. दुसरं कुणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.
शाळेतले सगळे क्लब युद्धावर निघाले. नाटक मंडळ बंद. स्टॅम्प गोळा करणारे बंद. त्याऐवजी फर्स्ट एड, विणकाम, मोर्स कोड, भंगार आणि विमानांची मॉडेल्स. लॅटिनच्या वर्गात आता मुलं कार्ब्युरेटर उघडून बसतात. लॅटिनच्या बाई शेजारी बसून शिकतात.
मी मॉडेल्स घेतली. नौदलाला देशभरातल्या शाळांकडून लाकडी विमानं हवी आहेत. जहाजांवरच्या तोफवाल्यांना त्यांच्यावरून आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे शिकवतात. जितकी मॉडेल्स पास तितका हुद्दा मोठा. सगळ्यात खाली कॅडेट, सगळ्यात वर कॅप्टन. सर्टिफिकेटसुद्धा मिळतं.
संकल्प: नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण, त्याच्या आत कॅप्टन.
संध्याकाळी लीलंडला पत्र टाकलं. लीलंड माझा मोठा भाऊ, पॅसिफिकमध्ये जहाजावर तोफेवर असतो. पत्रात 'कॅप्टन होणार' ऐवजी 'झालो' लिहिलं. पत्र पोचायला कितीतरी आठवडे लागतात, तोवर झालेलो असेनच. 'होणार' लिहिलं असतं तर तो वाचेपर्यंत ते खोटं ठरलं असतं.

७ ऑक्टोबर
क्लब सुतारकामाच्या खोलीत. प्रुइट सर शिकवतात. प्रत्येकाला पाइनचा एक ठोकळा, एक आराखडा आणि पुठ्ठ्याचे साचे. मॉडेल झालं की सर त्यावर साचा टेकवतात आणि खिडकीकडे धरतात. मधल्या फटीतून उजेड दिसला की नापास. बस, एवढंच.
मला अ‍ॅव्हेंजर मिळालं. नौदलाचं विमान. धिप्पाड, पोट सुटलेलं. सोपं आहे.
शेजारच्या बाकावर ओपल लिंडक्विस्ट. विणकामाला जागा उरली नसावी म्हणून इकडे आली असेल बिचारी. तिला लागेल ती मदत करायचं ठरवलं.

१४ ऑक्टोबर
डावा पंख जाड वाटला. घासला. मग उजवा जाड वाटला. घासला. मग डावा. मग उजवा. चूक पंखांची आहे, दोन असतात म्हणून त्रास होतो.
प्रुइट सरांनी विचारलं, हे कुठलं विमान? अ‍ॅव्हेंजर, असं मी सांगितलं. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं.
"मग ते फार लांबून येत असावं," म्हणाले.
सर विनोदी आहेत हे माहीत नव्हतं. उजेड दिसला.
ओपलचं पहिलं मॉडेल पास झालं. नवख्यांना कधीकधी लागून जातं.

२० ऑक्टोबर
भंगार सप्ताह. पाचवीतली पोरं युद्धासाठी धातू गोळा करत हातगाड्या घेऊन दारोदार फिरतायत, आणि आपण मात्र लाकूड घासत बसायचं हे बरं दिसेना. आईचं टर्की भाजायचं मोठं भांडं देऊन टाकलं. बाकी भांडी तिच्या रोजच्या वापरात असतात, हे वर्षातून एकदाच, थँक्सगिव्हिंगला निघतं. विचार करून दिलं.
आईला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

२९ ऑक्टोबर
दुसरं अ‍ॅव्हेंजर. या वेळी घासलंच नाही, फक्त काळा रंग जाड दिला. काळ्यात सगळं खपून जातं असा अंदाज होता. रंगाचे ओघळ शेपटीवरून खाली येऊन तिथेच सुकले. सर म्हणाले की विमान घाबरलेलं दिसतंय.
उजेड दिसला. खिडकी पूर्वेकडे आहे, सकाळी उजेड फारच येतो. ढगाळ दिवशी पुन्हा न्यावं.

३ नोव्हेंबर
लीलंडचं पत्र. जहाज दुरुस्तीला आलंय, कुठे ते लिहिता येत नाही. थँक्सगिव्हिंगला घरी येतोय. आई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली.
खाली माझ्यासाठी वेगळं लिहिलंय. मी कॅप्टन झालो हे त्यानं तोफेवरच्या सगळ्यांना सांगितलं. आता सगळे त्याला 'कॅप्टनचा भाऊ' म्हणतात. त्यांच्याकडची दोन मॉडेल्स फुटली आहेत. परत जाताना तो माझं एक घेऊन जाणार. तुझ्या हातचं असलं तर मला जास्त भरवसा वाटेल, असं लिहिलंय.
तीन आठवडे आहेत. भरपूर.

१२ नोव्हेंबर
तिसरं. पंख एकसारखे होईपर्यंत घासायचे असं ठरवून बसलो. एकसारखे झाले. एका हातात दोन्ही मावतात.
ओपलची सहा पास झाली. तिनं विचारलं, तुझा डावा पंख मी बघू का? नको म्हटलं. कॅप्टन होणाऱ्यानं शेजारणीकडून पंख तपासून घेणं बरं दिसत नाही. शिवाय तिलाही सवय लागेल.

१७ नोव्हेंबर
नवी युक्ती. लाकूड कमी पडलं तर वाढवायचं. भुसा आणि सरस कालवून पोटाला लिंपलं. पोट झकास झालं. मग पंख बारीक वाटले, त्यांनाही लिंपलं.
प्रुइट सरांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं. मग म्हणाले, "वेंडेल, तू विमान बनवत नाहीयेस. तू त्याला सूज आणतोयस."
त्यानंतर त्यांनी मला बाजूला घेऊन नवी जबाबदारी दिली. विमानं ओळखायच्या वर्गात पडद्यामागे बसायचं. दिव्यासमोर एकेक मॉडेल दोऱ्याला टांगायचं, दोन सेकंदांनी काढायचं, दुसरं लावायचं. समोरची मुलं सावली बघून नाव लिहितात. म्हणजे शाळेतली सगळी विमानं आता माझ्या हाताखाली आली. एका अर्थी कॅप्टनच म्हणायचं.
आईनं टर्कीचं भांडं शोधायला सुरुवात केली. मी भंगाराबद्दल देशाच्या दृष्टीनं चार शब्द सांगितले. तिनं मला जेवायला बाहेर पोर्चवर बसवलं. थंडी होती.

२४ नोव्हेंबर
चाचणी. सगळी विमानं टांगून झाल्यावर मी माझं सुजलेलं अ‍ॅव्हेंजरही हळूच टांगलं. बघू तर खरं, असा विचार.
उत्तरं मीच गोळा केली. ओपलची विमानंसुद्धा काही जणांनी चुकवली होती. कुणी लढाऊला बॉम्बर लिहिलं, कुणी बॉम्बरला लढाऊ. माझं मात्र अख्ख्या वर्गानं बरोबर ओळखलं. सगळ्यांनी लिहिलं होतं, 'वेंडेलचं'.
विमान ओळखता येणं हाच या कामाचा उद्देश आहे. त्या हिशेबानं शाळेतलं सगळ्यात यशस्वी मॉडेल माझं. उद्या लीलंडला हेच द्यायचं ठरवलं.

२५ नोव्हेंबर, बुधवार
लीलंड आला. बारीक झालाय. दारातच मला सलाम ठोकून म्हणाला, "कॅप्टन, आत येऊ का?" आई हसली. मीही हसलो.
दुपारी तो युनिफॉर्ममध्ये शाळेत आला. प्रुइट सरांनी त्याला पडद्यासमोर उभं केलं, म्हणाले, खरा तोफवाला कसं ओळखतो ते पोरांना दाखव. मी पडद्यामागे. त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. सावली स्थिर व्हायच्या आत तो नाव सांगायचा. एकही चुकला नाही. मला फार अभिमान वाटला.
शेवटी मी माझं टांगलं.
त्याचा आवाज बदलला. "शत्रूचं. आपल्याकडेच येतंय. मारा."
वर्गाला उत्तर माहीत होतं, पण कुणी हसलं नाही. ओपल हळूच म्हणाली, "ते अ‍ॅव्हेंजर आहे. आपलंच."
मी पडद्यामागून बाहेर आलो. लीलंड दोन्ही हात पुढे धरून उभा होता, तोफेवर धरतात तसे. आम्हाला बघून त्यानं हात खिशात घातले.
घरी जाताना लाकडाच्या वखारीपाशी तो म्हणाला, "ऑगस्टमध्ये एक विमान असंच आलं. संध्याकाळी, सूर्य त्याच्या पाठीमागे. मी दोन सेकंद बघितलं आणि शत्रूचं म्हटलं. आपलंच होतं रे."
मी विचारलं, वैमानिकाचं काय झालं?
"थंडी वाढलीय," म्हणाला. "चल भरभर."
मी किती विमानं पास केली हे त्यानं विचारलं नाही. मला फार वाईट वाटतंय. आज दुसरं काही सुचत नाही.

२६ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
आईनं टर्कीचे तुकडे करून केकच्या पसरट ताटल्यांत भाजले. एका बाजूनं करपले. बाबा म्हणाले, देशासाठी करपले आहेत, खा. लीलंड म्हणाला, "कॅप्टन, बटाटे इकडे सरकव." सरकवले.

२८ नोव्हेंबर
लीलंड गेला. सरांच्या परवानगीनं ओपलचं अ‍ॅव्हेंजर घेऊन गेला, लोकरी मोज्यात गुंडाळून. आगगाडीच्या पायरीवर उभा राहून मला म्हणाला, "तुझंही एक पाठव. घाई करू नकोस. पण उजेड नको."
म्हणजे सरांनी सांगितलं असणार, किंवा त्याला पत्र वाचतानाच कळलं असेल. प्लॅटफॉर्मवरून घरी चालत आलो. बाबांनी मोटारीत बस म्हटलं होतं, पण पेट्रोल वाचवलं.

३० नोव्हेंबर
नवा ठोकळा घेतला. ओपलला म्हटलं, डावा पंख बघशील का? ती म्हणाली, बघते, पण मी थांब म्हटलं की थांबायचं. अट मान्य केली.
तिनं आज कितीतरी वेळा थांब म्हटलं. मला अजून घासावंसं वाटत होतं.

३ डिसेंबर
उजेड दिसला. पण बारीक. सर म्हणाले, हे आता शेजारच्या ओहायो राज्यापर्यंत तरी आलंय.

११ डिसेंबर
पास. सरांनी साचा तीन ठिकाणी टेकवला, मॉडेल खिडकीकडे धरलं आणि पास झालेल्यांच्या खोक्यात ठेवलं. मला वाटलं, निदान पाठीवर थाप तरी मारतील. त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.
हुद्दा कॅडेट. सगळ्यात खालचा. लीलंडला पत्रात तेच लिहिलं.
दुपारी चाचणीच्या वेळी ते खोक्यातून काढून सगळ्यांच्या मध्ये टांगलं, कुणाला सांगितलं नाही. उत्तरं गोळा करून कोपऱ्यात बसून वाचली. प्रत्येकानं 'अ‍ॅव्हेंजर' लिहिलंय. माझं नाव एकानंही लिहिलेलं नाही. दोनदा पाहिलं.