पालकांना कळवले

१८ जानेवारी, रविवार

सगळ्यात आधी आली मोनिका! केस मोकळे सोडून, हातात खोबरेलाची बाटली – थंडीनं पार गोठलेली. म्हणली, "आजी, बाटली उन्हात ठेवा, पण नंबर माझाच पहिला." तिच्या मागं बाकीच्या. भांडणं चालू, "काल तू म्हणली होतीस", "मी कुठं म्हणले" – चिमण्या बऱ्या!

दर रविवारी असंच. वसतिगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर ऊन येतं. वरच्या पायरीवर मी, खालच्या पायरीवर पोरगी. साठ पोरी आहेत. अतुल म्हणजे माझा लेक, बजाजनगरला असतो, कंपनीत. म्हणतो, "आई, आता कशाला लोकांच्या पोरी सांभाळती? घरी ये." घरी काय? सून टीव्ही बघती, मी सुनेकडं बघती. इथं साठ नाती आहेत! लई भाग्य माझं. दुसऱ्या कुठल्या झाडूवालीला कोण एवढं आजी आजी करतं?

ही वही पण मोनिकानंच दिली. "तिसरी शिकलात ना, मग रोज चार ओळी लिहा, अक्षर सुधरंल." अक्षर काही सुधरत नाही. पण पानाशी बोललेलं बरं वाटतं.

एक गोष्ट मला कळली आहे. डोक्याला हात लागला की पोरीचं तोंड सुटतं. समोर बसवून विचारलं तर "काही नाही आजी". पण पाठ आपल्याकडं असली, तेल जिरत असलं, की आपोआप बोलतात. तोंड दाखवावं लागत नाही ना!

शेवटी आली अपेक्षा. देवगाव रंगारीची, दुसऱ्या वर्षाला. एवढी मोठी वेणी होती, आता हातात केस येतात. म्हणले, "बाळा, जेवत नाय का?" म्हणली – पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. घरी पास म्हणून सांगितलंय. बाप आधीच बोललेला, "एक जरी विषय गेला तर घरी यायचं, मी स्थळ बघतो." मार्चात ते दोन्ही पेपर परत द्यायचेत. अर्ज भरलाय. पहाटे उठून गणितं करती.

"मार्चपर्यंत फक्त कळू नये, आजी."

म्हणले, "मी कुणाला सांगती?"

२१ जानेवारी, बुधवार

रंग देणारे आले. वरची समिती येणार आहे म्हणे कॉलेज तपासायला, नंबर द्यायला. जिन्याखालच्या खोलीतल्या मोडक्या खाटा काढल्या आणि दारावर पाटी ठोकली – विद्यार्थिनी समुपदेशन कक्ष. समुपदेशनवाल्या बाई दोन वर्षांमागं सोडून गेल्या, तवापासून त्या खोलीत घूस राहती. मोनिका म्हणली, "आजी, इथं मन मोकळं करायचं असतं." म्हणले, "आधी त्या घुशीला तर मोकळं करा!" लई हसल्या पोरी.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज काय झालं! रत्नमाला मॅडमनी आफिसात बोलावलं. मॅडम म्हणजे वसतिगृहाच्या रेक्टर. मला वाटलं संडासाची तक्रार. तर म्हणल्या, "बसा, आजी." खुर्चीवर! मी खाली बसायला लागले तर हाताला धरून वर बसवलं. कपबशीत चहा. आठ वर्षं झाली इथं, त्या खुर्च्या रोज पुसते, पण बसले आज.

म्हणल्या, "मुली तुमच्याजवळ बोलतात. आमच्याजवळ बोलत नाहीत. खऱ्या समुपदेशक तुम्हीच, आजी." म्हणल्या, "कुणाला काय अडचण आहे ते कळलं तर कॉलेज मदत करेल."

मग मी सांगितलं. कुणाला घरची आठवण येती, कुणाची आई दवाखान्यात आहे, कुणाचं मैत्रिणीशी वाकडं. चहा संपला तर दुसरा मागवला त्यांनी. आणि मी अपेक्षाचं पण सांगितलं. दोन विषय, बाप, केस गळतात – सगळं. मॅडम रजिस्टरात लिहीत होत्या. मान हलवून हलवून ऐकत होत्या. इतकं कोण ऐकतं म्हातारीचं?

त्यांनी विचारलं, "काय केलं तर बरं होईल?" मी म्हणले, "तिच्या बापाला कुणीतरी शहाण्या माणसानं नीट सांगायला पाहिजे."

"बरोबर बोललात," म्हणल्या.

दिवसभर हवेत होते मी. मोनिकाला पण सांगितलं, मॅडमनी कपबशीत चहा दिला म्हणून.

२५ जानेवारी, रविवार

आज बावीस पोरी आल्या तेलाला. बोटं दुखली. अपेक्षानं दोन गणितं मला सोडवून दाखवली – मला काय कळतं! पण उत्तर बरोबर आलं म्हणून ती हसली. पोरीला मी काही बोलले नाही. मदत आल्यावर आपोआप कळंल म्हणले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

लिहावं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी मॅडमनी नवी साडी दिली आणि छातीवर एक बिल्ला लावला. वाचला मी – सहाय्यक समुपदेशक. समितीची माणसं दहाला आली. तीन साहेब, एक बाई. खोलीत फुलदाणी, गादीची खुर्ची, टेबलावर रजिस्टर. त्या बाईंनी विचारलं, "मुली येतात का तुमच्याकडे?" म्हणले, "रविवारी रांग लागती!" फोटो काढले. मी मधोमध. मॅडमनी रजिस्टर दाखवलं. समितीचे साहेब म्हणले, "वा, नाव, अडचण, उपाय – सगळं नोंदवलंय."

तेवढ्यात शिपाई पळत आला. मॅडमच्या कानात काहीतरी. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणल्या, "आजी, एक पालक आलेत. त्यांना मेसच्या स्वयंपाकघरात बसवा, चहा द्या. समिती जेवायला बसेपर्यंत पुढं येऊ देऊ नका."

गेले. पिठाच्या डब्याजवळ स्टुलावर एक माणूस बसलेला. पांढरा शर्ट, पायात धुळीच्या चपला. "मी सांडू. अपेक्षाचा बाप. देवगावहून आलो."

चहा दिला. हातात घेतला नाही. खिशातून कागद काढला. "चष्मा घरी राहिला. गावात पोस्टमननं वाचून दाखवला, पारावर, धा माणसांत. तुम्ही शिकल्या-सवरलेल्या दिसता," – बिल्ल्याकडं बघून – "बघा बरं, त्यानं बरोबर वाचलं का."

मी अक्षर अक्षर लावून वाचलं. "आपली पाल्य कुमारी अपेक्षा ही दोन विषयांत अनुत्तीर्ण असून सदर बाब तिने आपणापासून लपविली आहे, असे समुपदेशनात आढळून आले. तरी आपण योग्य ती काळजी घ्यावी."

समुपदेशनात. म्हणजे माझ्या पायरीवर.

"बरोबर हाय?" म्हणला.

म्हणले, "बरोबर हाय. पण दादा, पोर पहाटे उठून अभ्यास करती. मार्चात निघतील विषय. एवढा एक महिना –"

"आजी, विषयाचं सोडा. पोरीनं मला तोंडावर खोटं सांगितलं आणि साऱ्या गावानं ते पोस्टमनच्या तोंडून ऐकलं. आता इज्जत काय राहिली?" मग हात जोडले. मला! "कॉलेजातून कुणीतरी खरं कळवलं, लई उपकार झाले."

समिती पुढं हॉलात श्रीखंड-पुरी जेवत होती. मागच्या गेटातून अपेक्षाला नेली. एक बॅग, एक बादली. माझ्या बिल्ल्यावर तिची नजर गेली. वाचला तिनं. मी "बाळा" म्हणले तर बादली या हातातून त्या हातात घेतली आणि चालायला लागली.

४ फेब्रुवारी, बुधवार

खोली झाडायला गेले तर रजिस्टर टेबलावरच. उघडलं. अपेक्षाचं नाव. अडचण – सगळी माझीच वाक्यं, फक्त शुद्ध केलेली. उपाय – "पालकांना कळवले." खाली पोस्टाची पावती चिकटवलेली.

मी म्हणले होते सांगायला पाहिजे. समजावून! मायेनं! ह्यांनी कागद पाठवला, कारण कागदाची पावती मिळती. मायेची कुठं पावती?

पण तोंड कुणाचं होतं? माझं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमकडं गेले. उभीच राहिले. म्हणले, "मॅडम, तुम्ही देवगावला जा, बापाला सांगा, पोरीला परीक्षा देऊ द्या." म्हणल्या, "आजी, तो पालकांचा निर्णय आहे. आपण आपलं काम केलं." पेढा पुढं केला. समिती खूश होऊन गेली म्हणे.

पेढा तिथंच ठेवला. बिल्ला पण. मॅडम म्हणल्या, "राहू द्या तुमच्याकडे, पुढच्या वेळी लागेल."

८ फेब्रुवारी, रविवार

पायरीवर बसले. ऊन आलं, ऊन गेलं.

अकराला मोनिका आली. बाटली नव्हती हातात. उभ्यानंच म्हणली, "आजी, सगळं तुम्ही सांगितलं?"

"मदत करतील वाटलं गं."

"माझं पण सांगितलं?"

सांगितलं होतं. तिच्या आईचं, दवाखान्याचं.

म्हणली, "कपबशीत चहा मिळाला म्हणून?" आणि गेली. पुढं जिन्यात थांबली, मला वाटलं परत येती. चप्पल नीट करत होती.

११ फेब्रुवारी, बुधवार

पोरी गच्चीवर एकमेकींना तेल लावतात आता. मी कपडे वाळत घालायला गेले की गप्प होतात. चहाड माणसाला असंच पाहिजे. म्हातारपणी आपल्यालाच कळतं आपण कसे आहोत – एवढ्या उशिरा कळून तरी काय करायचं?

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. साबुदाणा. पायरीवर कुणी नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

देवगावला जाऊन आले. माफी मागायची होती, दुसरं काही नाही.

सांडूभाऊनं अंगणात खाट टाकली, वर नवी चादर. "या, या, आजी!" शेजाऱ्यांना हाका मारून सांगतोय, "ह्याच त्या कॉलेजच्या बाई, ह्यांच्यामुळं कळलं." मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पारूबाईनं, म्हणजे अपेक्षाच्या आईनं, ओटी भरली – खण, नारळ. घ्यावी लागली. पारूबाईचे डोळे लाल होते.

अपेक्षा चहा घेऊन आली. साडीत. डोक्यावर पदर. कप ठेवला आणि आत गेली. वेणी अजून बारीक झाली आहे.

मग सांडूभाऊ खालच्या आवाजात बोलला. शुक्रवारी पाहुणे बघून गेले. वैजापूरकडचे, पोराचं दुकान आहे. त्यांना पोरगी पसंत आहे, सुपारी फोडायला रविवारी परत येतायत. पण पोरगी जेवत नाही, आईशी बोलत नाही. "तुमचं ऐकती ती, आजी. त्या दिवशी तुम्ही पण या. चार शब्द समजावून सांगा. आणि एक – पाहुण्यांना आम्ही सांगितलंय, पोरगी सगळ्या विषयांत पास हाय, शिक्षण आम्हीच थांबवलं, लग्नासाठी. त्यांना शिकलेलीच सून पाहिजे. तेवढं जपून बोला."

पोरीनं खोटं सांगितलं म्हणून तिचं शिक्षण बंद! आणि आता बापाच्या खोट्याला मी राखण बसायचं!

येते म्हणले नाही, नाही पण म्हणले नाही. माफी राहूनच गेली. बसमध्ये नारळ मांडीवर धरून बसले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी फोन. पारूबाईच्या नंबरवरून अपेक्षा. आवाज अगदी बारीक.

"आजी, रविवारी येताय का?"

"तुला समजावायला मी नाय यायची, बाळा. माझी जीभ झडंल."

"मला नका समजावू. पण या. आई पण या म्हणती." मग म्हणली, "तुमच्या पोटात काही राहत नाय, हे सगळ्या कॉलेजाला माहिती झालंय. मग पाहुण्यांसमोर तरी माझे दोन विषय कशाला पोटात ठेवता?"

फोन बंद.

मॅडमकडं रजा मागितली. "कशाला हवी, आजी? कुठं जाताय?" काही सांगितलं नाही.

पाहुणे परत येणार – रविवार, बावीस तारीख, सकाळी अकरा.