तेजोमेघाला अंधार लागतो

२० नोव्हेंबर २००५
टेलिस्कोप सप्तापूरच्या घराच्या गच्चीवर बसवला. डिजिटल कॅमेरा जोडला. आता मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो. कोर्टाच्या बार रूममध्ये सगळ्या वकिलांना सांगून टाकलं, संक्रांतीला फ्रेम करून लावतो. बायको, श्यामला, म्हणाली, आधी काढा तरी.

२४ नोव्हेंबर
फोटोत सगळं नारिंगी. रस्त्यावरच्या दिव्यांचा दोष. अशा फोटोला खरा अंधार लागतो. श्यामलानं लगेच उपाय काढला: अळणावरजवळचं आपलं शेत, रामू कसतो ते. मी म्हटलं, अंधार आपल्या जिन्यातही आहे. तिथला बल्ब मीच काल बदलला, ती गोष्ट वेगळी.

३ डिसेंबर, शनिवार
आज शेतावर जायचं होतं. परवाच अमावस्या झाली. मी असलं काही मानत नाही. पण संध्याकाळी घसा धरला. लेन्सवर शिंक उडाली तर? ट्रिप रद्द. निघायची वेळ टळल्यावर घसा आपोआप सुटला.

१८ डिसेंबर
रामू भाजी घेऊन आला. सहज विचारलं, शेताकडे जनावर वगैरे? म्हणाला, अस्वल येतं कधीमधी, पण माणसाच्या वाटेला जात नाही. हे अस्वलाला माहीत आहे का, ते विचारायचं राहिलं. सुभाष रोडवरून मोठा टॉर्च आणि शिट्टी आणली. खगोलशास्त्रात तयारी महत्त्वाची.

३१ डिसेंबर, अमावस्या. शेतावर.
कारमध्ये बसून लिहितोय. काचा वर. थंडीमुळे. श्यामला बाहेर टेलिस्कोपपाशी. बटण ती दाबते, मार्गदर्शन माझं. मघाशी काचेवर टकटक करून म्हणाली, आतला दिवा बंद करा, फोटो खराब होतोय. म्हटलं, नोंदी ठेवायला लागतो. म्हणाली, "अंजब्याड्री, भिऊ नका. मी आहे ना." मी भीत नाही हे तिला मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्येही.

उसात काहीतरी हललं. मोठं आहे. श्वास ऐकू येतोय.

१ जानेवारी २००६
कालचा प्रकार नीट लिहून ठेवतो. उसातून काळं काहीतरी बाहेर आलं. मदत आणणं गरजेचं होतं. म्हणून गाडी सुरू केली आणि रामूचं घर गाठलं. श्यामलाला हाक मारणार होतो, पण काचा वर होत्या. रामूचं दार वाजवलं. त्याच्या बायकोनं, सखूबाईनं, पाणी दिलं. विचारलं, "बाईसाहेब कुठं हायत?" तेव्हा पेला खाली ठेवला.

रामूला घेऊन परत गेलो. श्यामला तिथंच उभी. शेजारी रामूची सुटलेली म्हैस. म्हणाली, हळू बोला, एक्स्पोजर चालू आहे.

आज चहा देताना एवढंच म्हणाली, म्हशीची भीती नाही वाटली, गाडीचे लाल दिवे लांब जाताना दिसले तेव्हा वाटली. मी मदतीचं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

१४ जानेवारी, संक्रांत
फोटो अप्रतिम. गुलाबी, पंख पसरल्यासारखा. बार रूममध्ये लावला. सगळ्यांनी अभिनंदन केलं, मग खालचं 'फोटो: सौ. श्यामला' वाचून तिचंही केलं. टीमवर्कमध्ये नावाला महत्त्व नसतं. पुढच्या अमावस्येला मी बाहेर उभा राहणार. टेलिस्कोपपाशी. निश्चय.

२८ जानेवारी, शनिवार
श्यामला शेतावर गेली. तिची बहीण इंदुमती गाडी चालवते म्हणे. मी बूट घालून तयार होतो. म्हणाली, तुम्ही घर सांभाळा. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

रात्री लाइट गेली. मागच्या खोलीत भांडं पडलं. मांजर असणार. बघायला गेलो नाही, मांजरं दचकतात. शेजारच्या गोदूबाई ऐंशीच्या, घरात एकट्या. त्यांना सोबत व्हावी म्हणून उशी घेऊन गेलो. त्यांनी दार उघडलं. जमखाना अंथरला, कंदील माझ्या उशाशी ठेवला आणि म्हणाल्या, "झोपा आता. मी जागी आहे."