पुष्पांजलीची झोप

प्रिय भूपेंद्र,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, "आई, ड्युटीवर जाऊन राहिलो" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. सगळं वाच, मग राग येऊ दे.

तुझी पवनचक्की अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. साताऱ्याकडच्या त्या पठारावर जीपमधून उतरले, मान वर केली तर डोक्यावरचा पदर घसरला, तरी टोक दिसेना. एवढं मोठं फिरतं, आणि त्याला बैल नाही, डिझेल नाही, कोणी चारापाणी घालत नाही! घरखर्चाचा हिशेब ठेवणारी बाई मी, पण हा हिशेब काही मला लागला नाही. चप्पल काढून हात जोडले. तू हसलास, "आई, मशीन आहे ते, देव नाही." असू दे. माझा मुलगा शिडीने त्याच्या पोटातून वर चढतो आणि ढगांजवळ जाऊन ते दुरुस्त करतो, हे पाहून मला तुम्हा दोघांनाही नमस्कार करावासा वाटला.

मला तिथे छान झोप लागली, हे मीच बोलून गेले आणि तू तेच धरून बसलास. "आईले काही होत नाही, मग हिलेच कायले होते?" पण बेटा, मी पाहुणी. पुष्पांजली लग्न होऊन आली तेव्हापासून त्या पवनचक्कीच्या पंख्याखाली राहते. डोकं जड, कानात घुं घुं, डोळा लागला की दचकून जाग. डॉक्टरने रिपोर्ट चांगले आहेत म्हटलं, तेव्हा तुला वाटलं नाटक उघडं पडलं. एका संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत बसले होते. उन्हं उतरली तशी पंख्याच्या पात्याची सावली भिंतीवरून सरकू लागली. एक गेली की दुसरी. सून पोळ्या लाटत होती. प्रत्येक सावलीला तिचे डोळे मिटत, लाटणं थांबे. मी विचारलं, "काऊन वं, थांबतेस काऊन?" तर म्हणते, "मी कुठं थांबली?" तिला कळतही नव्हतं! शेजारच्या म्हातारीचंही तसंच होतं म्हणे, पण तिच्या मुलाचीच जमीन कंपनीकडे आहे, म्हणून ती बोलत नाही.

म्हणून तीजेचं, हरतालिकेच्या सणाचं निमित्त करून मी तिला सोबत आणलं. आपलं घर हायवेला लागून. ट्रक सारखे धावतात, समोरच्या ढाब्यावर गाणी वाजतात. तरी पोरगी आल्या दुपारी जी झोपली, ती जेवायलाही उठेना. श्वास चालू आहे ना, ते मी जाऊन पाहून आले. आता डोकं दुखत नाही म्हणते. पंख्यानेच होतं का, मला माहीत नाही. मी मॅट्रिक शिकलेली बाई. इथे झोपते, तिथे नाही, एवढं मात्र डोळ्यांनी पाहिलं.

आपल्या वाडवडिलांनी तलाव बांधले. त्यांच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मातामाय बसवली, आपण अजून तिला नारळ फोडतो. पण पाळीच्या पायथ्याशी कोणी घर बांधलं नाही, ज्यांनी डोक्यावरून माती वाहिली त्यांनीही नाही. मोठ्या गोष्टीपासून थोडं हटून राहावं, एवढं त्यांना कळत होतं. तुझ्या मशीनला मी तुझ्यापेक्षा जास्त मानते, म्हणून सांगते. देवालाही कोणी उशाशी घेऊन झोपत नाही.

काल तू तिला फोनवर म्हणालास, शनिवारपर्यंत परत यायचं नसेल तर कायमची तिकडेच राहा. तिने मला काही सांगितलं नाही, पण फोनमध्ये तुझा आवाज चढला होता आणि भिंती पातळ आहेत आपल्या. आज पूजा करून उठले तर ही वेणी घालून, बॅग भरून दारात उभी. "जाते मी आई, सवय होऊन जाईल." मी ती बॅग उघडली, एकेक साडी काढून माझ्या आलमारीत ठेवली आणि रिकामी बॅग तुझ्या बाबांना माळ्यावर टाकायला लावली. आता तू पठाराखालच्या गावात खोली बघ. पंखा दिसला तर चालेल, सावली पोचायला नको. भाडं जास्त पडेल, पडू दे. हे मी म्हणून राहिली, ध्यानात घे. खोली मिळाली की ये, मीच तिची बॅग भरून देईन. त्याआधी आलास, तर पोटभर जेवून एकटाच परत जाशील.

तुझीच, आणि आता तिचीही,
आई