ठमाबाईंच्या धवल्यांच्या तीन प्रती

मी, जागृती कुंडलिक भोईर, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, शुद्धीवर आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. दिवाळीतल्या मृत्युपत्रात मी 'आजीच्या धवल्यांच्या तीन प्रती सुरक्षित आहेत' असे लिहिले होते. ते चूक होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

आजी, ठमाबाई, धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत धवले गाऊन विधी लावायची. ती गेली. मी मोबाइलवर केलेले तिचे रेकॉर्डिंग तेवढे उरले. मंगळवारी माझे पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ. मला त्या शब्दाचा भरवसा नाही.

१. हार्ड डिस्क बाबांना. दसऱ्याला त्यांनी कोयता, स्कूटर आणि हिची पूजा केली. कुंकवाचे ओले बोट थेट केबलच्या खाचेत. "अगं, तीही यंत्रच ना? तिलाच कशी वगळू?" तेव्हापासून ती सुरूच होत नाही, हे मला दिवाळीनंतर कळले. देव्हाऱ्यातच ठेवावी.

२. पेन ड्राइव्ह चुलतभाऊ दिपेशला. "ताई, सगळं टाकलंय, टेन्शन कशाला घेतेस?" टाकले होते नुसते लॅपटॉपमधल्या फाइलींचे शॉर्टकट. जुना लॅपटॉप होता तोवर ते उघडायचे, म्हणून कळले नाही. दिपेशला मी माफ केले आहे, पेन ड्राइव्हला नाही.

३. एसएसडी दिपेशची बहीण कल्पिता हिला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लाइफटाइम वॉरंटी." कोणाच्या लाइफची, ते बोलला नाही. ही वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली तर आतले पुसले जाऊ शकते, म्हणून अधूनमधून जोडावी. यात फाइलींची नावे सगळी दिसतात. पण नावे शॉर्टकटचीही दिसत होती. एकही फाइल लावून बघायचा धीर मला अजून झालेला नाही.

धवला शिकवताना आजी तो म्हणून दाखवल्याशिवाय उठू देत नसे. मोबाइललाही तिने तोच नियम लावला: "भरलंस का गो? मंग मना आयकव." म्हणून अट अशी, की कल्पिताने एक धवला न अडखळता म्हणावा, मगच एसएसडी तिच्या हाती द्यावी.

कल्पिताला लाभ आहे, म्हणून ती साक्षीदार नाही.

साक्षीदार: सौमित्र म्हात्रे (सही), हेमांगी ठाकूर (सही)
लिहून ठेवणार: जागृती कुंडलिक भोईर (सही)
ठाणे, ४ डिसेंबर २०२५

कल्पिताला शेजारी बसवून पहिली फाइल लावणार: रविवार, ७ डिसेंबर २०२५.